बाळ काचेत आहे

यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’ असा ठरला, तेव्हा संपादकांच्या मनात कुंभार, विणकर, तबलजी असे हात असणार. मी मागून घेतले ते परिचारिकांचे, आणि त्यातही सगळ्यात लहान पेशंट सांभाळणाऱ्या परिचारिकांचे. एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला ‘विशेष नवजात शिशू काळजी कक्ष’ पाहायला गेले. हे नाव फक्त पाटीवर. डॉक्टर-सिस्टर त्याला ‘एसएनसीयू’ म्हणतात आणि बाहेर बसलेली माणसं ‘काच’. बाळ कुठंय विचारलं की उत्तर येतं, “काचेत ठेवलंय.” रुग्णालयाचं, सिस्टरांचं, आयांचं नाव छापायचं नाही, या अटीवर आत येऊ दिलं. ही अट योग्यच होती.

तिथे जाईपर्यंत माझी समजूत अशी की ही यंत्रांची जागा आहे. वॉर्मर, मॉनिटर, सलाइनचे पंप. सिस्टरांनी यंत्रांवर लक्ष ठेवायचं, जमलं तर आईशी दोन शब्द गोड बोलायचे. ते गोड बोलणं म्हणजेच माया, असा आपला हिशेब असतो. कक्षात पाहिलं ते वेगळं होतं.

दारातलं बेसिन

दाराशी कोपरानं उघडायचा नळ आहे. वर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता. आत जाताना पहिल्यांदा कोपरापर्यंत, पुरती दोन मिनिटं धुवायचे. अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा, बांगड्या सगळं काढायचं. बांगड्यांपाशी गाडी अडते. समोर नुकती बाळंत झालेली पोर, हातात हिरवा चुडा आणि पाठीशी सासू.

“लेकुरवाळीचे हात मोकळे करायचे नसतात, सिस्टर.”

इनचार्ज सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी तक्त्याकडे बोट दाखवलं नाही. खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. “आजी, बांगड्या वाढवत नाही आपण, नुसत्या उतरवून ठेवतोय. ही पिशवी तुमच्याजवळ राहू द्या. घरी जाताना तुम्हीच भरा तिच्या हातात.” आजींनी पिशवी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, “जा.”

बांगड्यांचा नियम उगाच नाही. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी ओढली तरी सोलून निघते. आईकडून बाळाला मिळणारी प्रतिकारशक्ती गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत जास्त करून मिळते, आणि नेमके तेच आठवडे याला लाभलेले नसतात. कक्षात जंतू पोचतात ते बहुतेक हातांवरून. नियम भिंतीवर चिकटवून सिस्टर मोकळ्या झाल्या असत्या, तर नियम पाळला गेला असता आणि आई बाहेरच राहिली असती. अशा किती आया बाहेर राहतात, ते कुठल्याही रजिस्टरात येत नाही.

हात लावण्याची रीत

आत वॉर्मरची रांग. दोन बाळं काविळीच्या निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. एकाला श्वासासाठी हवेचा दाब देणारा सीपॅप लावलेला. त्याच्या बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे ऐकू येतात. पलीकडे तिसाव्या आठवड्यात जन्मलेली अकराशे ग्रॅमची मुलगी.

तिचा लंगोट बदलायला तरुण सिस्टर आली. आधी हात एकमेकांवर घासून कोमट केले. मग वाकून हळू आवाजात म्हणाली, “चला, बदलायचंय आता.” त्यानंतर एक तळहात डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांवर, आणि क्षणभर तसाच ठेवला. एवढं झाल्यावर कामाला सुरुवात. मला वाटलं, स्वभावच लाघवी असेल. ती म्हणाली, “शिकवलंय तसं. आधी आवाज, मग हात. एकदम उचललं की हातपाय फेकतात, ऑक्सिजन खाली येतो.”

पोटात बाळ गुंडाळून असतं, चहूबाजूंनी त्याला भिंत लागते. बाहेर आल्यावर ती भिंत नाहीशी होते. हातपाय झाडण्यात ताकद जाते, आणि ती ताकद वजन वाढायला हवी असते. म्हणून जुन्या सुती कापडाची चुंबळ करून बाळाभोवती ठेवतात. पाय ताणले की कशाला तरी टेकतात. ताप पाहणं, लंगोट, दूध ही कामं एका वेळी उरकायची आणि मग दोन तास हात लावायचा नाही, कारण बाळाची वाढ झोपेत होते. इन्क्युबेटरवर फाइल ठेवायची नाही, झडप हळू लावायची. अशा कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपल्या रुग्णालयांत ती पाळणं अवघड, पण स्टीलचा ट्रे आपटायचा नाही, एवढं तर करता येतंच.

मॉनिटर वाजला. अपुऱ्या दिवसांची बाळं मधूनच श्वास घ्यायचा विसरतात. सिस्टरनं तळव्याला बोटानं हलकं डिवचलं आणि श्वास पुन्हा सुरू झाला. हे टळावं म्हणून या बाळांना चक्क कॅफीन देतात, कॉफीत असतं तेच.

टाचेला सुई टोचून रक्त घ्यायचं, तेव्हा दोघी आल्या. एकीनं बाळाचे हातपाय छातीपोटाशी दुमडून धरले, जिभेवर आईच्या दुधाचे थेंब सोडले, थोडं थांबली. मग दुसरीनं सुई टोचली. यामागे मोठा इतिहास आहे. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत नवजात बाळाला वेदना फारशा कळत नाहीत, असं वैद्यकशास्त्रात मानलं जाई. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की शस्त्रक्रियेत वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात. वेदना थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे, हे इतक्या उशिरा मान्य झालं. सुईआधी दुधाचे थेंब देणारी सिस्टर त्या शोधाची वारसदार आहे, तिला तो ठाऊक असो वा नसो.

पाच मिलिलीटर

तिसऱ्या दिवशीची बाळंतीण स्टीलच्या वाटीत दूध काढून घेऊन आली. मोजलं तर पाच मिलिलीटर. वाटी पुढे करताना तिची मान खाली. “एवढंच आलं.”

“एवढंच कसं? हिला आत्ता एका वेळी दोनच मिलि द्यायचंय,” सिस्टर म्हणाली. “दोन वेळचं झालं की, वर एक उरलं.”

साधारण ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ जमत नाही. म्हणून तोंडातून पोटात घातलेल्या नळीनं दूध देतात. मग बोंडल्यानं, आणि त्यानंतर अंगावर. आपल्या आज्यांचं तेच बोंडलं. कक्षात ते उकळून झाकून ठेवलेलं असतं. अंगावर पाजायची वेळ येईपर्यंत आईनं रात्र धरून दिवसाला आठ-दहा वेळा दूध काढत राहायचं, नाहीतर ते आटतं. बाळ जवळ नसताना, टाके दुखत असताना, उसासे टाकणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात हे करायचं. धसका घेतला की दूध उतरत नाही, आणि उतरलं नाही की धसका वाढतो. सिस्टर आईला वॉर्मरच्या शेजारी स्टूल देतात. एक हात बाळावर ठेवून काढलं की जास्त येतं, हा त्यांचा रोजचा अनुभव.

सुरुवातीचा चीक जड असतो, बाळाला बाधतो, म्हणून काही घरांत आजही तो टाकतात. त्यावर इनचार्ज सिस्टरांचं उत्तर तयार असतं : “गाईचा चीक खरवसाला जपून ठेवता, आणि बाळाचा टाकता?” चिकाचे थेंब सिस्टर बाळाच्या गालाच्या आत बोटानं लावतात, नळीनं दूध सुरू व्हायच्या आधीपासून.

आईचं दूध नसेल तर दुसऱ्या आईचं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. मोठ्या शहरांत आता अशा पेढ्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र बरंचसं त्या स्टुलावर अवलंबून असतं, आणि स्टुलाशेजारी दहा मिनिटं थांबायला सिस्टरला फुरसत आहे की नाही यावर.

बोगोटा, टाल्लिन, दिल्ली

दुपारी कक्षाच्या बाजूच्या खोलीत चार आया ओळीनं टेकून बसल्या होत्या. गाउनच्या आत, छातीवर उभं धरलेलं बाळ. अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. बाळाची मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी. त्यावरून कापडी पट्टा. हीच ‘कांगारू केअर’. पाचव्या खुर्चीत एक वडील होते. गवंडीकाम करणारे. बाळ छातीवर घेतल्यापासून त्यांनी पाठ हलवली नव्हती. सिस्टर म्हणाली, “दादा, श्वास घ्या. ती पडत नाही.”

ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटाची. तिथल्या माता-बाल रुग्णालयात इन्क्युबेटर अपुरे होते, एकेकात दोन-तीन बाळं ठेवायची वेळ येई आणि जंतुसंसर्ग पसरे. १९७८मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर दिली. पुढच्याच वर्षी तिकडे एस्टोनियातल्या टाल्लिनमध्ये परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून डॉ. आदिक लेविन यांनी आयांना दिवसरात्र आत घेतलं. दोन्ही ठिकाणी सुरुवात टंचाईतून झाली. म्हणून बरीच वर्षं श्रीमंत देशांत याकडे गरिबांची तडजोड म्हणून पाहिलं गेलं.

तो समज मोडायला दिल्लीचा मोठा हात लागला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेनं एक चाचणी घेतली. भारतातलं केंद्र सफदरजंग रुग्णालय. १ ते १.८ किलोच्या आतली बाळं. एका गटाला नेहमीप्रमाणे प्रकृती स्थिरावल्यावर कांगारू केअर; दुसऱ्या गटाला जन्मापासूनच, अस्थिर असली तरी. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच आणली. दुसऱ्या गटातली बाळं कक्षात दिवसाचे जवळपास १७ तास कुणाच्या तरी छातीवर होती. पहिल्या गटातली दीड तास. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस बदलली : स्थिर होण्याची वाट पाहू नका, जन्मल्यापासून सुरू करा.

दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया यांनी आईवडिलांना शिकवून काळजीत सामील करून घेण्याचा प्रयोग केला. त्यानं जंतुसंसर्ग वाढला नाही आणि घरी जाताना अंगावर पिणारी बाळं वाढली. त्यावरून केंद्र सरकारनं २०१७मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे आईला आत घेणं हा आता सिस्टरचा मोठेपणा राहिलेला नाही. तो सरकारी धोरणाचा भाग आहे.

पण धोरणाला खुर्ची लागते. सतरा तास म्हणजे जवळपास अख्खा दिवस. प्लास्टिकच्या ताठ पाठीच्या खुर्चीत टाके घातलेली बाई तासभर बसते, मग बाळ परत वॉर्मरमध्ये. मी पाहिलेल्या खोलीत मागे रेलता येतील अशा खुर्च्या होत्या मोजक्याच, आणि त्यांसाठी नंबर लागत होता.

बाकड्यावरची माणसं

कक्षाबाहेरच्या बाकड्यावर बाप, मामा, आत्या, आजोबा बसलेले असतात. दार उघडून कुणी ‘नातेवाईक कोण?’ म्हणालं की सगळे एकदम उभे राहतात. बहुतेक वेळा हवं असतं ते रक्त, सही किंवा एखादी तपासणी. त्यामुळे दार उघडणं म्हणजेच वाईट बातमी, असं समीकरण होऊन बसतं.

इथल्या इनचार्ज सिस्टरांनी एक शिरस्ता घालून घेतलाय. दिवसाची पहिली हाक कामासाठी मारायची नाही. सकाळच्या राउंडनंतर डॉक्टर आणि सिस्टर दोघं बसून प्रत्येक घराशी बोलतात. ‘सिरियस आहे’ एवढ्यावर सोडत नाहीत. काल आणि आजमध्ये काय बदललं ते सांगतात : वजन वीस ग्रॅम वाढलं, दूध दोनचं तीन मिलि केलं, रात्री दोनदा श्वास थांबला. मग विचारतात, “घरी फोन केल्यावर काय सांगाल?” बाप जे सांगतो त्यावरून त्याला काय समजलं ते कळतं. डॉक्टर एक म्हणाले आणि सिस्टर दुसरंच, असं झालं की बाकड्यावर तिसरीच गोष्ट तयार होते. ती टाळण्यासाठीच दोघांनी एकत्र बसायचं.

काही गोष्टी कुठल्याही सूचनांत नसतात. पाचव्या रात्री एक आजी दाराशी हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी. आत हळदकुंकू नेता येत नाही. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, “आजी, पूजा खाली नातेवाइकांच्या खोलीत मांडा. सटवाई लिहील ते लिहील, मी तर तासातासाला लिहिते.” आणि आपला तक्ता काचेतून दाखवला : नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन. आजींनी तो निरखून पाहिला. अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ओळी भरलेल्या होत्या.

मुलगी असेल तर बाकडं लवकर रिकामं होतं, हेही पाहावं लागतं. मुलगे जन्मतः थोडे नाजूक हे खरं, पण अशा कक्षांत मुली कमी दाखल होतात त्याचं सगळं कारण त्यात नाही. आणण्यातच हात आखडता घेतला जातो. ‘घेऊन जातो, काय व्हायचं ते होईल,’ म्हणणाऱ्या घराशी बोलणं हेही सिस्टरच्याच वाट्याला येतं. त्यावर त्यांचा उपाय साधा : भाषण करायचं नाही, बापाच्या छातीवर मुलगी द्यायची. मघाचे गवंडीदादा त्यांतलेच. कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पेन मागून मुलीचं लाडाचं नाव खाली लिहिलं.

वाचलं नाही तर

सगळी बाळं वाचत नाहीत. फार लवकर आलेली, जन्मतः गुदमरलेली, अंगभर जंतुसंसर्ग झालेली. कोणत्या टप्प्यावर उपचारांनी फक्त यातना वाढतात, ते डॉक्टर ठरवतात. त्यापुढचे तास सिस्टरचे.

आपल्याकडची जुनी रीत अशी : आईला सांगायचं नाही, ती कच्ची बाळंतीण आहे. बाप आणि मामा कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन जातात, पुरून येतात. आई वॉर्डात दूध काढत बसलेली असते. तिला दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चेहऱ्यावरून कळतं.

इथे इनचार्ज सिस्टर त्या रीतीच्या आड येतात. भांडत नाहीत. घरच्यांना बाजूला घेऊन म्हणतात, “तिनं जन्म दिलाय. तिला एकदा घेऊ द्या.” पडद्यामागे खुर्ची ठेवतात, शक्य त्या नळ्या काढतात, अंग पुसून झबलं घालतात आणि जीव असतानाच बाळ आईच्या छातीवर देतात. वेदनेचं औषध चालू ठेवतात. काही आया घेतात, काही नको म्हणतात. जबरदस्ती नाही. प्रवेशाच्या वेळी केसपेपरवर बाळाच्या पावलाचा ठसा घेतलेला असतो. मागितली तर त्याची प्रत मिळते.

त्यानंतर एक गोष्ट राहते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाळ गेलं तरी दूध येत राहतं. छाती दगड होते, ताप चढतो, आणि सांगायचं कुणाला? सिस्टर जाण्याआधी आईला शेजारी बसवून सांगतात : ताण कमी होईल इतपतच काढ, गार पट्ट्या ठेव, छाती लाल झाली किंवा ताप उतरला नाही तर इथे ये. सांगायला फार वेळ लागत नाही. बाई घरी गेल्यावर पुढचा आठवडा ती सूचना पुरते.

मी विचारलं, “तुम्ही स्वतः काय करता मग?” तरुण सिस्टर म्हणाली, “वॉर्मर पुसते. पुढचं बाळ खाली लेबर रूममध्ये आलेलंच असतं.”

घरापर्यंत

सुट्टीची तयारी पहिल्या दिवसापासून चालते. आईला लंगोट बदलणं, नळीतून दूध धरणं, ताप पाहणं, धोक्याची लक्षणं ओळखणं शिकवत नेतात. घरी जाताना तिला बाळाची भीती वाटू नये म्हणून. २ किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासायलाच हवा. नाहीतर जीव वाचून दृष्टी जाते. ही तारीख सिस्टर कार्डावर लाल शाईनं लिहितात आणि आजीकडून वदवून घेतात, कारण बाळाला कधी कुठे न्यायचं हे घरात आजी ठरवते.

पुढे आशाताई. जन्मानंतर ४२ दिवसांत त्यांच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी आला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या कामावरून पुढे राष्ट्रीय कार्यक्रम बेतला गेला.

वाचलेली बाळं पुढे कशी होतात, याचाही एक मराठी मुलखातला पुरावा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९मध्ये जन्मलेल्या, २ किलोच्या आतल्या बाळांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. काहींना शिकायला अडचणी आल्या, पण गट म्हणून पाहता बुद्ध्यंक सर्वसाधारण पातळीत राहिला. ‘एवढ्याशा जिवाचं काय होणार’ म्हणणाऱ्या आजोबांना इनचार्ज सिस्टर एवढंच सांगतात, की अशी पोरं आज नोकऱ्या करतायत.

मायेला मनुष्यबळ लागतं

सरकारी सूचनांप्रमाणे अशा कक्षात तीन-चार बाळांमागे पाळीला एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रजा, बदल्या, रिकाम्या जागा यांतून एकीकडे सहा-आठ बाळं येतात. मग गणित सोपं होतं. औषध चुकवता येत नाही, सलाइन चुकवता येत नाही. चुकवता येतं ते हात कोमट करणं, दुधाचे थेंब देऊन थांबणं, स्टुलाशेजारी बसणं, बाकड्यावरच्या बापाला आज काय बदललं ते सांगणं. सिस्टर तुसडी वाटते ती बऱ्याचदा तेव्हा, आणि आपण म्हणतो, हिच्यात मायाच नाही.

यातल्या कितीतरी जणी कंत्राटी आहेत, तरी काम करारापुरतं राहत नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या. या कक्षातली रात्रपाळी आजही सुरुवातीला प्लग आणि वायरी हातानं चाचपते, गरम लागतायत का पाहते. हे काम त्यांना कुणी लेखी दिलेलं नाही.

आयांचंही तसंच. जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत जेवण मिळतं ते साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. तिचं बाळ मात्र काचेत महिनाभर असू शकतं. ते दिवस संपले की तिला कागदोपत्री सुट्टी मिळते. पण तिनं रात्रंदिवस दूध काढावं, तासन्‌तास बाळ छातीवर घ्यावं, ही अपेक्षा कायम राहते. काही रुग्णालयं आपल्या पातळीवर जेवणाची, झोपण्याची सोय करतात. जिथे होत नाही तिथे नवरा वडापाव आणतो आणि ती जिन्याखाली पथारी टाकते. आई बाळाचं औषध आहे असं शास्त्रानं सिद्ध केलं असेल, तर तिचं जेवण औषधाच्या खर्चात धरायला काय हरकत आहे?

आई आत आली की सिस्टरचं काम हलकं होतं, असा एक सोयीचा समज वरच्या कार्यालयांत असतो. इनचार्ज सिस्टर तो मानत नाहीत. “कमी नाही होत, बदलतं,” त्या म्हणाल्या. “आधी मी बाळ बघत होते. आता बाळ, आई, आजी, बाप असे चौघं बघते. पण बाळ लवकर घरी जातं.” आईला आत घेणं हे परिचारिकांच्या रिकाम्या जागा झाकायचं निमित्त झालं, तर आई थकेल आणि सिस्टरही.

निघताना त्यांना विचारलं, काय मिळालं तर सोपं होईल? नवं यंत्र सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी बोटांवर मोजलं : दर पाळीला एक सिस्टर जास्त. आईला बाळ असेपर्यंत दोन वेळचं जेवण. तिच्यासाठी खाट, कक्षाला लागून. आणि मागे रेलता येतील अशा खुर्च्या, बाळांच्या संख्येइतक्या. यातली एकही गोष्ट परदेशातून मागवावी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या खरेदी समितीपुढे वॉर्मर-व्हेंटिलेटरच्या यादीखाली या चार ओळी लिहिल्या जाव्यात, आणि पुढच्या वर्षी त्या मंजूर झाल्या का, हे आपण जाऊन विचारावं.